चढावर घाम, उतारावर हुडहुडी: थंडीतल्या माउंटन बायकिंगचे कपडे

प्रश्न थोडक्यात असा: राहायला ऐरोलीत, सायकल हार्डटेल (शॉक फक्त पुढे असलेली माउंटन बाइक). हिवाळ्यात रविवारी सकाळी खाडीपूल ओलांडून उपवनमार्गे ठाण्याची येऊरची टेकडी चढायची. चढताना जॅकेटच्या आत अंघोळ होते आणि उतरताना दात वाजतात. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिमाचलात जिभी आणि जलोरी खिंडीकडे चार दिवसांचा बेत आहे. एकच चांगलं जाड जॅकेट घेतलं तर दोन्हीकडे चालेल का?

नाही चालणार. येऊरला ते जास्त होईल, जलोरीला चढताना जास्त आणि उतरताना कमी. त्याच पैशात घाम बाहेर काढणारा आतला कपडा (बेस लेअर), मुठीत मावेल असं वारा अडवणारं जॅकेट आणि बरे हातमोजे येतात. त्यांच्यावर आधी खर्च करा.

कारण समजलं की निवड आपोआप सोपी होते. पायडलवर १५० वॉट पोहोचवायचे तर शरीर एकूण सहाशे-सातशे वॉट जाळतं. म्हणजे पाचशेच्या आसपास वॉट निव्वळ उष्णता. चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटर, त्यामुळे अंगावर वारा जवळजवळ नाही. ती उष्णता बाहेर टाकायला घाम हाच मार्ग उरतो. माथ्यावर पोहोचून उताराला लागलात की पायडल थांबतं, उष्णता एकदम निम्म्याहून खाली येते आणि वारा ताशी तीस किलोमीटरचा होतो. त्यात कपडे ओले. टी-शर्टात २०० ग्रॅम पाणी उरलं असेल तर ते वाळायला सुमारे ४८० किलोज्यूल लागतात, आणि त्यातला मोठा वाटा तुमच्याच अंगातून जातो. अर्ध्या तासात ते वाळलं तर हिशेब अडीचशे वॉटच्या पुढे जातो. उतारावर तेवढी उष्णता शरीर मोठ्या मुश्किलीने तयार करत असतं. रोड सायकलवाल्याला हा त्रास कमी, कारण त्याचा चढही बऱ्यापैकी वाऱ्यात होतो. डोंगरातल्या पायवाटेवर घाम आणि गारठा एकापाठोपाठ येतात.

म्हणून पहिला नियम: निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. सोसायटीच्या गेटवर मस्त ऊबदार वाटत असेल तर अंगावर एक कपडा जास्त आहे. पहिली दहा मिनिटं कुडकुडलं तरी चालेल, मुलुंडपर्यंत अंग तापतंच. एक अपवाद आहे. ऐरोलीच्या पुलावर पहाटे खाडीवरचा वारा आडवा येतो आणि अंग अजून तापलेलं नसतं. तेवढ्या टप्प्यापुरतं पातळ विंडचीटर घाला आणि पूल संपला की काढून खिशात कोंबा. काढायचा कंटाळा केला की येऊरच्या चढापर्यंत ते आतून ओलं होणार हे नक्की.

आता आकडे. ठाणे-नवी मुंबईत जानेवारीची पहाट साधारण १६ ते १८ अंशांची, थंडीची लाट असेल तर त्याखाली. (सांताक्रूझचा विक्रमी नीचांक ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२चा. तेव्हापासून आपल्याला काही फारसं सोसावं लागलेलं नाही.) येऊरच्या झाडीत थोडं कमी. बदलापूर, कर्जत, मुरबाडच्या बाजूला मोकळ्या शेतात पारा ठाण्यापेक्षा आणखी खाली असतो. शांत रात्री थंड हवा सखल भागात साचते, म्हणून ओढ्याजवळ उतरलं की अचानक गार लागतं आणि चढून वर गेलं की बरं वाटतं. माळशेज, नाणेघाटाकडे जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

वाऱ्याने किती फरक पडतो? ताशी ३० किलोमीटरला १० अंशांची हवा उघड्या कातडीला साधारण ७ अंशांसारखी लागते, ५ अंशांची शून्यासारखी आणि शून्याची उणे ६ ते ७ सारखी. जलोरी खिंड सुमारे ३१२० मीटरवर, जिभी साधारण १८०० मीटरवर. दर हजार मीटरला सहा-साडेसहा अंश उतरतात असं धरलं तर गावात १० अंश असताना खिंडीत दीड-दोन अंश. खाली उतरताना त्याचे उणे चार-पाच वाटणार. या फरकासाठी तयारी करायची आहे.

सर्वात महत्त्वाचा कपडा अंगाला चिकटलेला असतो. सुती बनियन घरीच ठेवा. कापूस पाणी धरून ठेवतो, उशिरा वाळतो, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पॉलिएस्टरचा धागा स्वतःत अर्ध्या टक्क्याहूनही कमी ओलावा घेतो, त्यामुळे घाम धाग्यांच्या फटींतून बाहेरच्या पृष्ठभागावर पसरतो आणि तिथे वाळतो. दुकानातल्या 'थर्मल'च्या जोडीकडेही नीट बघा. आपल्याकडे घरोघरी असतात ते बहुतेक कापूसमिश्रित असतात. रेल्वेत झोपायला उत्तम, पायडल मारायला वाईट. आतल्या लेबलवर कापसाचं प्रमाण मोठं दिसलं तर परत ठेवा.

येऊर, खारघरची टेकडी, गवळीदेव अशा ठिकाणांसाठी जाळीदार, बिनबाह्यांचा पॉलिएस्टर बेस लेअर आणि त्यावर पूर्ण बाह्यांची साधी जर्सी एवढं पुरतं. आपल्या दमट हवेत घाम मुळातच हळू वाळतो, म्हणून इथे कापड जितकं पातळ तितकं चांगलं. हिमाचलात मात्र मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ, बारीक लोकर) घेतल्याचे पैसे वसूल होतात. मेरिनो वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास ओलावा धाग्याच्या आत ओढून घेते आणि तरी कातडीला ओली लागत नाही. उतारावर लागणारा तो बर्फासारखा चटका त्यामुळे सौम्य होतो. तीन दिवस घातली तरी वास मारत नाही, हा सामानाच्या दृष्टीने मोठा फायदा. जाडी प्रति चौरस मीटर १५० ग्रॅमची घ्या. २५०ची मेरिनो बसून राहणाऱ्यासाठी असते, चढावर ती भिजून जड होते आणि मग दिवसभर वाळत नाही. मेरिनोचा एक दोष: पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यांखाली ती लवकर विरते. खांद्यावर पॉलिएस्टर किंवा नायलॉनचं मिश्रण असलेली घेतली तर जास्त टिकते.

महिलांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण दुकानात ती कुणी सांगत नाही. बाकी सगळे कपडे उत्तम घेतले आणि ब्रा सुती किंवा फोमच्या पॅडची असली, तर छातीवर ओली पट्टी तासन्‌तास राहते. पॅड काढता येणारी, पातळ सिंथेटिक किंवा मेरिनोची स्पोर्ट्स ब्रा घ्या आणि माथ्यावर बदलायचे कपडे नेत असाल तर त्यात तीही धरा.

मधला थर ठाण्यात लागत नाही. जलोरीसाठी पातळ फ्लीस किंवा आतून केसाळ असलेली पूर्ण बाह्यांची जर्सी घ्या, पण समोर छातीपर्यंत तरी चेन हवी. चढावर कपडा काढत बसण्यापेक्षा चेन खाली ओढणं सोपं आणि ते तुम्ही खरोखर कराल. बाह्यांसाठी आर्म वॉर्मर, म्हणजे सुट्या बाह्या, फार सोयीचे. मनगटापर्यंत ढकलता येतात, परत वर ओढता येतात, हेल्मेट काढावं लागत नाही.

वारा अडवणारं जॅकेट मात्र विचारपूर्वक घ्या. दुकानात दोन प्रकार दिसतील. एक नुसतं वारा अडवणारं, शंभर-दीडशे ग्रॅमचं. दुसरं पूर्ण वॉटरप्रूफ, आत पडदा (पाणी अडवणारा पण वाफ सोडणारा पातळ थर) असलेलं, ज्यावर १०,००० मिलिमीटर पाणी (एवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब सोसतं) आणि २४ तासांत चौरस मीटरला १०,००० ग्रॅम वाफ (एवढी बाहेर सोडतं) असे आकडे असतात. वाफ बाहेर जाते ती आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेच्या दाबाच्या फरकावर. हिमाचलच्या कोरड्या गार हवेत हा फरक मोठा, म्हणून पडदा काम करतो. आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटेही हवा दमट, आणि तेच जॅकेट येऊरला प्लास्टिकच्या पिशवीसारखं वागतं. म्हणून ठाण्यासाठी पातळ विंडचीटर आणि नोव्हेंबरच्या जलोरीसाठी, पाऊस किंवा भुरभुर बर्फाची शक्यता असल्यामुळे, वॉटरप्रूफ. काखेखाली चेन असलेलं मिळालं तर तेच घ्या. पावसाळ्यात स्कूटरवर घालतो तो रेनकोट उतारापुरता चालून जाईल, चढावर अजिबात नाही.

जॅकेट आरशासमोर ताठ उभं राहून निवडू नका. काउंटरवर दोन्ही हात टेकून हँडल धरल्यासारखे वाका. पाठ उघडी पडते का, बाह्या मनगटाच्या मागे सरकतात का, खांद्यात ओढ बसते का, तेवढं बघा. ढगळ जॅकेटचा आणखी एक धोका माउंटन बायकवर असतो. तीव्र उतारावर कंबर सीटच्या मागे न्यायची असते. पुढे येताना जॅकेटची किनार किंवा ढगळ पँटचा जांघेजवळचा भाग सीटच्या टोकात अडकला तर नेमक्या वाईट क्षणी तोल जातो. मोटरसायकलचं जॅकेट आणि ट्रेकची ढगळ पँट म्हणूनच इथे नको.

कमरेखाली: पॅडची शॉर्ट कातडीवरच घालायची, आत अंडरवेअर नाही. शिवणीने घासून फोड येतात ते अंडरवेअरमुळेच. खांद्यावर पट्टे असलेली बिब शॉर्ट थंडीत बरी, कारण वाकल्यावर कंबर उघडी पडत नाही. बेस लेअर बिबच्या पट्ट्यांच्या आत, जर्सी बाहेर. ज्यांना दिवसभरात वारंवार सगळं उतरवणं गैरसोयीचं आहे त्यांनी कमरेला इलॅस्टिकची साधी पॅड शॉर्ट घ्यावी आणि बेस लेअर लांब ठेवावा. वर नायलॉनची, गुडघ्यापर्यंतची बॅगी शॉर्ट.

गुडघ्यांची काळजी मात्र करा. तापमान १५च्या खाली गेलं की गुडघे झाका. तिथे मांस कमी, सगळे स्नायुबंध कातडीलगत, आणि गार गुडघ्याने जोर लावला की दुसऱ्या दिवशी कुरकुर सुरू होते. नी वॉर्मर (गुडघ्यांवर चढवायच्या सुट्या नळ्या) शॉर्टच्या इलॅस्टिकच्या आत जायला हवेत, बाहेर घातले की पाच किलोमीटरवर घोट्याशी गोळा होतात. गुडघ्याचं संरक्षक पॅड घालणार असाल तर गुळगुळीत वॉर्मरवर ते टिकत नाही, कारण त्याची सिलिकॉनची पट्टी कातडी पकडते. अशा वेळी पॅडच पुरेसं ऊबदार असतं. जलोरीला सरळ लांब टाइट (अंगाला घट्ट बसणारी पूर्ण लांबीची पँट) घाला आणि त्यावर खडबडीत पकड असलेलं पॅड. ट्रॅक पँट घालायचीच तर उजव्या पोटरीला वेलक्रोची पट्टी बांधा, चेनरिंग (पायडलजवळचं दातेरी चक्र) कापड सोडत नाही.

हात. इथेच लोक सर्वात कमी खर्च करतात आणि इथेच सर्वात जास्त बिघडतं. माउंटन बायकवर एकेक बोट सतत ब्रेकच्या लिव्हरवर, वाऱ्यात उघडं. बोट बधिर झालं की ब्रेक किती दाबला जातोय हे कळत नाही: एकतर चाक लॉक होतं, नाहीतर वळण चुकतं. ठाण्यात पूर्ण बोटांचे पातळ ग्लोव्ह्ज पुरे. १० अंशांखाली पाठीकडून वारा अडवणारे आणि तळव्याला पातळ असे घ्या. ५च्या खाली आत रेशमी किंवा मेरिनोचा पातळ हातमोजा आणि वर मोकळं कवच. स्कीचे फुगीर ग्लोव्ह्ज नकोत. त्यात एका बोटाने लिव्हर ओढता येत नाही आणि गिअरचा ट्रिगर सापडत नाही. घेताना मूठ वळा: तळव्यावर घडी जमत असेल तर दोन तासांत तिथे फोड येईल. जाड ग्लोव्ह्जने लिव्हरची पोहोच बदलते. लिव्हरच्या आतल्या छोट्या स्क्रूने, बहुधा २ किंवा २.५ मिलिमीटरच्या ॲलन कीने, ती जरा जवळ आणा आणि हे घरीच करून बघा. ॲल्युमिनियमचा लिव्हर बोटातली ऊब ओढून घेतो, त्यावर इलेक्ट्रिकची काळी टेप दोन वेढे गुंडाळली तर फरक जाणवतो. अडीअडचणीला ग्लोव्ह्जच्या आत नायट्रिलचे (पातळ रबरी) वैद्यकीय हातमोजे घाला. घाम आत राहतो पण वारा आणि पाणी थांबतं. उताराच्या अर्ध्या तासासाठी तेवढं बास.

पायांत उलटी चूक होते. थंडी म्हणून दोन-दोन मोजे घालतात, बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आणखी गार पडतात. बोटं बुटात मोकळी हलली पाहिजेत. मध्यम जाडीचा एकच लोकरीचा मोजा, आणि जाड घालायचा असेल तर बूट अर्धा नंबर मोठा. रबरी तळ आणि फ्लॅट पेडल थंडीत बरे. क्लीटच्या (पेडलमध्ये अडकणाऱ्या) बुटात धातूची पट्टी तळव्याखालीच असते आणि स्क्रूच्या भोकांतून गार हवा आणि पाणी आत येतं. इनसोल काढून ती भोकं आतून टेपने बंद करा. जाळीचे बूट असतील तर उताराआधी मोज्यावर साधी प्लास्टिकची पिशवी चढवा. दिसायला हास्यास्पद, काम चोख.

डोक्याला हेल्मेटखाली पातळ टोपी किंवा बफ (गळ्यात किंवा डोक्यावर घालायची कापडी नळी), कान झाकणारा. माकडटोपी नको, ती जाड असते आणि हेल्मेट डोक्यावर वर उचललं जातं. टोपी घातल्यावर हेल्मेटच्या मागची घट्ट-सैल करायची चकती पुन्हा जुळवून घ्या. चष्मा पारदर्शक काचेचा. बफ नाकावर ओढला की उच्छ्वास वर जाऊन काच धुकटते, म्हणून चढताना बफ हनुवटीखाली.

जलोरीच्या दिवशी अंगावर काय आणि पिशवीत काय? निघताना मेरिनो, पातळ जर्सी, आर्म वॉर्मर, टाइट, पातळ ग्लोव्ह्ज. पिशवीत झिपच्या पिशवीत बंद केलेला दुसरा कोरडा बेस लेअर, फ्लीस, वॉटरप्रूफ जॅकेट, जाड ग्लोव्ह्ज, कोरडे मोजे, पातळ टोपी. डाऊनचं (आत पिसं भरलेलं) फुगीर जॅकेट न्यायचं तर फक्त थांबल्यावर घालायला. पायडल मारताना घामाने पिसं चिकटली की त्याची ऊब संपली.

खिंडीत पोहोचल्यावरचा क्रम महत्त्वाचा आहे. सगळे आधी फोटो काढतात, मग चहा सांगतात आणि वीस मिनिटांनी कुडकुडत कपडे शोधतात. उलटं करा. सायकल टेकवताच वाऱ्याच्या आडोशाला जा. अंग तापलेलं आहे तोवर ओला कपडा काढा, पाठ आणि छाती कोरडी पुसा, कोरडा बेस लेअर चढवा, त्यावर फ्लीस, जॅकेट, टोपी. ग्लोव्ह्ज पिशवीत नव्हे, जॅकेटच्या आत पोटाशी ठेवा म्हणजे घालताना गरम मिळतील. मग चहा. खिंडीजवळच्या सेरोलसर तळ्याकडे पायवाटेने जायचं असेल तर तिथे पुन्हा घाम येईल, त्यामुळे ही अदलाबदल परतून येईपर्यंत राखून ठेवा आणि थांबताना नुसतं जॅकेट वापरा. खिंडीत कोरडा कपडा नसेलच तर जर्सीच्या समोरच्या बाजूला वर्तमानपत्राची चार पानं घाला. जुन्या घाटशर्यतींतले सायकलपटू हेच करत आणि ते आजही लागू पडतं.

उतरताना सोबत्याकडे लक्ष द्या. जोराची हुडहुडी, जॅकेटची चेन लावता न येणं, बोलणं अडखळणं ही अंगाचं तापमान घसरत असल्याची लक्षणं आहेत. तिथेच थांबा, कोरडे कपडे, गोड गरम पेय आणि आडोसा. हुडहुडी अचानक थांबून माणूस गप्प आणि सुस्त झाला तर प्रकरण गंभीर आहे, सायकल सोडून गाडीने खाली न्या.

पैसे टप्प्याटप्प्याने घालायचे असतील तर क्रम असा: दोन बेस लेअर, पातळ विंडचीटर, ग्लोव्ह्ज, लोकरीचे मोजे, नी वॉर्मर, आणि जलोरीचं तिकीट काढल्यावर वॉटरप्रूफ. यातले पहिले चार येऊरलाही लागतात. नवीन घेतलेली प्रत्येक गोष्ट आधी येऊरला घालून बघा, विशेषतः पॅडची शॉर्ट. तिथे वनखात्याच्या वेळा पाळा आणि उजाडल्यावरच आत जा. अंधारातल्या रस्त्यावर जॅकेट गडद रंगाचं असेल तर पाठीवर आणि घोट्यावर चमकती पट्टी लावा. घोटा वर-खाली हलतो, म्हणून ट्रकवाल्याला ती आधी दिसते.

धुण्याबद्दल दोन गोष्टी. पॅडची शॉर्ट, बेस लेअर आणि जॅकेट यांना कपडे मऊ करणारं द्रव्य कधीही लावू नका. ते धाग्यांवर बसतं, घाम शोषणं थांबतं आणि जॅकेटवरचं पाणी थेंबांऐवजी पसरायला लागतं. जॅकेट सौम्य साबणाने धुऊन, दोनदा खळबळून, लेबलवर परवानगी असेल तर मंद इस्त्री फिरवली की थेंब परत उभे राहतात. मेरिनो गार पाण्यात, पिळायची नाही, आडवी वाळवायची. आणि जूनच्या आधी हे सगळं पूर्ण वाळवून, कडुनिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या घालून बंद डब्यात ठेवा. आपल्या पावसाळ्यात दमट कपाटात घडी करून ठेवलेल्या वॉटरप्रूफ जॅकेटचा आतला पडदा पापुद्र्यांनी सुटतो, आणि तो पुन्हा चिकटवता येत नाही.